थंडी नसलेल्या गावातला हीटर

वर्तमानपत्रात तापमानाचं कोष्टक छापून येतं, त्यात डहाणूचं नाव रोज असतं. लोक ते वाचतात आणि पुढे सरकतात, कारण डहाणूच्या आकड्यात वाचण्यासारखं काही नसतं. नाशिकचा पारा घसरतो, महाबळेश्वरला दवबिंदू गोठतात, आणि डहाणू आपलं सतरावर. फारच कहर झाला तर पंधरा. अशा दिवशी आमच्याकडे माणसं कानटोपी घालून चिकूच्या वाडीत फिरतात, एकमेकांना "काय गारठा पडलाय" असं सांगतात आणि साडेनऊच्या सुमारास त्याच कानटोपीनं घाम पुसतात. या मुलखात खोली गरम करायचं यंत्र बसवावं असं ज्याच्या डोक्यात येतं, तो माणूस परदेशात राहणारा तरी असतो, नाहीतर त्याचा मुलगा तरी परदेशात असतो. आमच्या साडूंचा मुलगा ओहायोत आहे.

ओहायोत जॅक्सन सेंटर नावाचं एक गाव आहे. तिथे एअरस्ट्रीम नावाची ट्रेलर-घरं बनतात. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची, गोल पाठीची. मोटारीच्या मागे अडकवायचं आणि निघायचं. तिकडे नव्या ट्रेलरपेक्षा जुन्याला मान जास्त. कुणाच्या तरी परसात गंजत पडलेला पन्नास वर्षांपूर्वीचा ट्रेलर उचलून आणायचा, आत प्रोपेन गॅसवर चालणारी शेगडी, पाण्याचा हीटर, खोलीचा हीटर आणि चक्क गॅसवरचा फ्रीज बसवायचा, नि मग शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचं, असा तो छंद. साडूंच्या मुलानं असला एक ट्रेलर घेतला. साडू व्हिसा संपेपर्यंत तिथे राहिले आणि बापलेकांनी मिळून तो उभा केला. लोक अमेरिकेतून येताना बदाम आणि शाम्पू आणतात. साडूंनी भिंतीत बसवायचा हीटर आणला, चार स्वेटरांत गुंडाळून. डहाणूत त्या स्वेटरांचाही तेवढाच उपयोग होता.

आमची सासुरवाडी घोलवडची. सासऱ्यांची चिकूची वाडी आहे आणि तिच्यावर दोन्ही जावयांचं सारखंच प्रेम आहे, म्हणजे दोघंही चिकू उतरवायच्या हंगामात हजर नसतात. त्या वाडीत, समुद्राकडच्या कोपऱ्यात, आपलं चाकांवरचं घर उभं करायचं साडूंनी ठरवलं. ट्रेलर इथे कुठून मिळणार? म्हणून त्यांनी तलासरीजवळ हायवेलगतच्या एका भंगारवाल्याकडून जुनी मॅटाडोर घेतली.

मॅटाडोरबद्दल नवीन पिढीला काही सांगावं लागेल. १९५८ साली फिरोदियांनी सुरू केलेली बजाज टेम्पो कंपनी, आज जिला फोर्स मोटर्स म्हणतात, तिच्या पुण्यातल्या आकुर्डीच्या कारखान्यातली ही गाडी. लग्नाची वऱ्हाडं, शाळेची पोरं, कोथिंबिरीच्या जुड्या, वाद्यवृंद, निवडणुकीचे कार्यकर्ते, सगळं तिनं वाहिलं. बैलगाडीनंतर महाराष्ट्राचा संसार कुणी ओढला असेल तर तो मॅटाडोरनं, असं माझं प्रामाणिक मत आहे. साडूंनी घेतलेली गाडी आधीच्या जन्मी रुग्णवाहिका होती. पुढची उलटी अक्षरं पुसट का होईना, दिसत होती. इंजिन मेलेलं असल्यामुळे ट्रॅक्टरला दोर बांधून ती वाडीत आणली, तेव्हा हायवेवर भलेभले ट्रेलरवाले बाजूला होऊन वाट देत होते. ट्रॅक्टरनं ओढत नेलेली रुग्णवाहिका म्हणजे आत पेशंट किती गंभीर असेल, असा त्यांचा हिशेब असावा.

पहिला प्रश्न गॅसचा आला. साडू एजन्सीत गेले.

"नवीन कनेक्शन पाहिजे."

"पत्ता?"

"मॅटाडोर."

"सोसायटी का?"

"गाडी."

समोरच्या मुलीनं अत्यंत शांतपणे गाडीचा नंबर विचारला. साडूंनी एमएच-०४ पासून पुढचा सगळा नंबर सांगितला. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याआधीची गाडी असल्यानं पाटी ठाण्याची. "म्हणजे तुम्ही ठाण्यात राहता," असं म्हणून तिनं फॉर्म परत दिला.

घरचा जादा सिलिंडर नेऊ, असं साडूंच्या मनात होतं. त्यालाही एजन्सीनं हात जोडले. १४.२ किलोचा तांबडा सिलिंडर ज्या स्वयंपाकघराच्या नावावर आहे तिथेच शोभतो, आणि कायद्यालाही तो तिथेच आवडतो. मग त्या मुलीनंच उपाय सांगितला. पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, इंडेननं २०२० साली त्याचं नावच छोटू ठेवलं आहे. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. साडूंना आनंद झाला, पण नाव ऐकून थोडा अपमानही वाटला. ओहायोतल्या ट्रेलरच्या नाकावर दोन उंच सिलिंडर जोडीनं उभे असतात. इथे छोटू.

खरं म्हणजे पत्ता नसलेल्या माणसाला गॅस कसा द्यायचा हा प्रश्न आपल्याकडे साडूंमुळे निर्माण झालेला नाही. दिवाळी झाली की डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगडची किती तरी आदिवासी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. भांडी, गोधडी, कोंबड्या, पोरं असं सगळं घर टेम्पोत चढतं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं. चूल तेवढी नेत नाहीत, कारण तीन दगड सगळीकडे मिळतात. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली तेव्हा पत्त्याचे कागद मागत होती. ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला तेव्हा कुठे स्थलांतरितांना स्वतःच्या घोषणापत्रावर कनेक्शन मिळू लागलं. भरलेल्या सिलिंडरचे पैसे दर वेळी कुठून आणायचे, हा त्यातला पुढचा प्रश्न आहे आणि त्याला घोषणापत्र चालत नाही. चाकांवरचं घर हा साडूंचा छंद होता. तलासरीत ते अनेकांचं वेळापत्रक आहे.

असो. गॅस मिळाला, आता जोडणी. ओहायोहून मुलानं जाडजूड पुस्तक पाठवलं आणि रोज रात्री व्हिडिओवर येऊन तो वडिलांना शिकवू लागला. पहिल्याच रात्री त्यानं सांगितलं की बाबा, गॅसचा दाब अकरा इंच पाहिजे. साडू दुसऱ्या दिवशी डहाणूच्या हार्डवेअरवाल्याकडून अकरा इंच तांब्याची नळी कापून घेऊन आले. तिसऱ्या रात्री उलगडा झाला. गॅसच्या शेगडीला फार दाब लागत नाही. किती लागतो ते पाण्यात मोजतात. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात पाणी भरायचं, एका टोकाला गॅस जोडायचा. गॅसनं ढकलल्यावर दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीत किती फरक पडतो ते मोजायचं. अमेरिकेत ते अकरा इंच, म्हणजे अठ्ठावीस सेंटिमीटर. आपल्या घरच्या रेग्युलेटरचा दाब चौरस सेंटिमीटरला तीस ग्रॅम, म्हणजे पाण्याची उंची बरोबर तीस सेंटिमीटर. शाळेतल्या फूटपट्टीएवढी. संपूर्ण भारताचा स्वयंपाक एका फूटपट्टीच्या जोरावर चालतो हे ऐकून माझी मेव्हणी म्हणाली, "माझं निम्मं शिक्षणही तिच्याच जोरावर झालं."

साडूंनी फळीवर फूटपट्टी ठोकली, नळी बसवली, पाण्यात थोडं कुंकू कालवलं, म्हणजे पातळी दिसते. सगळे जोड आवळून, सिलिंडरची खुंटी बंद करून ते पाण्याकडे बघत बसले. पाणी जागचं हललं नाही तर गळती नाही. खाली यायला लागलं तर आहे. कुंकवाचं पाणी, समोर मांडी घालून बसलेले साडू, शेजारी हळद-तेलाचे हात पुसणारी मेव्हणी, असं ते दृश्य बघून वाडीतल्या गड्यानं चपला बाहेर काढल्या.

हा दाब का मोजायचा, नाकानं वास घेऊन कळत नाही का, असं एखाद्याला वाटेल. मुळात या गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचं अतिशय दुर्गंधी रसायन कणभर मिसळतात. हे जिथं ठरलं तिथे बहुधा आजूबाजूला शुद्ध हवा असावी. ऑक्टोबर उलटला की डहाणूच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालतात. मैलभर. त्या वाऱ्यात मर्कॅप्टन हे नवखं पोर आहे. वाडीतल्या कुणाला विचारलं, "वास येतोय का?" तर तो कौतुकानं म्हणायचा, "येतोय की, यंदा माल चांगला दिसतो." म्हणून आमच्याकडे साबणाचं पाणीच खरं. जोडावर फेस लावायचा, बुडबुडा फुगला तर गळतंय.

दुसरी गोष्ट, हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की वर जात नाही, जमिनीवर पसरतो आणि खोलगट भागात साचून राहतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की ठिणगीची वाट बघत बसतो. घरात निदान दाराखालून फट असते. मॅटाडोरचा तळ मात्र पत्र्याचा आणि चारी बाजूंनी बंद. पुस्तकात लिहिलं होतं की सिलिंडरचा कप्पा राहत्या जागेपासून पूर्ण वेगळा, बाहेरून उघडणारा हवा, आणि त्याच्या तळाला भोक हवं; गाडीच्या तळालाही भोकं हवीत. साडूंनी गाडीची तपासणी केली. भोकांची काहीच अडचण नव्हती. आकुर्डीहून निघाल्यापासून खाऱ्या हवेनं ते काम चोख केलं होतं. चार भोकं तर एवढी मोठी की त्यातून कोंबडी आत येऊन अंडं घालून गेली.

सिलिंडर मावेना म्हणून साडूंनी तो सीटखाली आडवा सरकवायचं ठरवलं, तेव्हा पहिल्यांदा तांडेलमामा बोलले. डहाणू खाडीचे हे तांडेल आता दर्यावर जात नाहीत. सकाळी वाडीत येऊन कडुनिंबाखाली बसतात आणि जाळं विणतात. इतके दिवस ते मॅटाडोरकडे, कुणाच्या घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं, नुसते बघत होते.

"शेठ, उभा राहू द्या त्याला. आडवा पडला का आतलं पाणी येतं भाईर."

पाणी म्हणजे आतला द्रवरूप गॅस. सिलिंडर उभा असला तर वरची वाफ शेगडीकडे जाते. आडवा केला तर द्रवच नळीत शिरतो, आणि तो बाहेर पडताच फुगून सुमारे अडीचशे पट होतो. पुस्तकात हे सत्तेचाळिसाव्या पानावर होतं. मामांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर हलत्या घरात भात शिजवलेला होता.

इथून पुढे आमच्या बांधकामात दोन मतप्रवाह झाले: ओहायो आणि डहाणू खाडी. मजा अशी की दोघांचं म्हणणं जवळजवळ एकच निघायचं, फक्त ओहायोला ते सांगायला आकृती लागायची. पुस्तक म्हणे, शेगडीला ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद करणारी सोय हवी. मामा म्हणत, वारा आला का दिवा जातो नि गॅस चालूच राहतो, म्हणून चूल वाऱ्याच्या पाठीला मांडायची. पुस्तक म्हणे, भांडी घसरू नयेत म्हणून शेगडीभोवती कठडा बसवा. मामांच्या बोटीवर चूल मागच्या बाजूला, पत्रा मारलेल्या खोक्यात; तिच्याभोवती लोखंडी सळ्यांचा कठडा आणि टोपात कालवण अर्ध्यावरच. "अर्ध्यावरच का?" मी विचारलं. "भरलेला टोप दर्या पितो," मामा म्हणाले.

डहाणू-तलासरीतली कोळी आणि आदिवासी पोरं खलाशी होऊन वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर जातात. महिनेच्या महिने तेच त्यांचं घर. कधी नकळत समुद्रातली सरहद्द ओलांडली जाते आणि मग पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं जातात. साडूंना हवं असलेलं चाकांवरच्या संसाराचं ज्ञान या किनाऱ्यावर दारोदार आहे. त्याचं पुस्तक कुणी छापलेलं नाही एवढंच.

आणि घरापेक्षाही अग्नी हलवण्याचा अनुभव म्हटला तर आमच्या भागाइतका जुना क्वचितच कुणाला असेल. बोर्डीजवळच्या बारडाच्या डोंगरात बहरोटची लेणी आहेत. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, तिथे नेऊन बारा वर्षं तेवत ठेवला असं ते मानतात. तिथून तो वांसद्याला, नवसारीला असा फिरत १७४२ साली उदवाड्याला पोचला आणि आजही तिथे आहे, घोलवडहून रेल्वेनं काही स्टेशनं पुढे. साडूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारलं, "इंधन कुठलं?" लाकूड, म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

फ्रीजची हकीकत पारशांच्या शेजारच्याच इराण्यांची. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या वाढवण्यात इराणी कुटुंबांचा मोठा हात आहे. अशाच एका जुन्या बंगल्याच्या पडवीत वीज येण्याच्या आधीचा रॉकेलवर चालणारा फ्रीज पडून होता. खाली वात पेटवायची आणि वर बर्फ जमायचा. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते, पण १९२२ साली स्टॉकहोममधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी खरोखर हे करून दाखवलं. ज्योतीनं पाण्यातला अमोनिया उकळून वेगळा काढायचा, वर नेऊन थंड करायचा, मग हायड्रोजनच्या संगतीत त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेते. शेवटी अमोनिया परत पाण्यात. पंप नाही, मोटर नाही, आवाज नाही. गॅसवरच्या ट्रेलरमधला फ्रीज तो हाच. साडूंनी वातीच्या जागी गॅसचा बर्नर लावला आणि बर्फाची वाट बघू लागले.

बर्फ झाला नाही. फ्रीजचं वरचं टोक तापलं, आतलं दही आंबट झालं. मुलानं ओहायोहून विचारलं, "बाबा, गाडी लेव्हलमध्ये आहे ना?" या फ्रीजमध्ये सगळा कारभार उतारानं चालतो. गाडी कलली की अमोनिया कुठेतरी कोपऱ्यात साचतो आणि काम थांबतं. आमची वाडी समुद्राकडे उतरती. साडूंनी गवंड्याची पाणसळ आणली, एका चाकाखाली फळी घातली, मग दुसऱ्या, मग पहिल्याखालची काढली. दिवसभर मॅटाडोर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. संध्याकाळी पाणसळीचा बुडबुडा मधोमध आला आणि पहाटे खरंच वाटीभर पाणी गोठलं. साडूंनी ती वाटी घरोघर नेऊन दाखवली. तांडेलमामांनी बर्फाला बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "फॅक्टरीत लादी मिळते ना." ते बरोबरच होतं. बोटीच्या पोटात बर्फ भरून आठवडाभर मासळी ताजी ठेवणाऱ्या माणसापुढे वाटी काय मिरवायची.

शेगडीचा सल्ला मात्र तलासरीहून आला. मुंबई-अहमदाबाद हायवे तलासरीतून जातो, पुढे अच्छाडला महाराष्ट्र संपतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याआधी या सीमेवर नाक्यांसाठी ट्रकांच्या रांगा लागत आणि रांगेच्या सावलीत डाळी शिजत. ट्रकच्या पोटाजवळच्या पेटीची फळी खाली पाडली की ओटा तयार. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तीन बाजूंनी उभा केला की वाऱ्याची चिंता नाही. साडू मला घेऊन एका ढाब्यावर गेले, कारण ड्रायव्हर लोक आपल्याला आतली शेगडी कशी बसवायची ते सांगतील अशी त्यांची कल्पना. एका सरदारजींनी सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत एवढंच विचारलं, की आत का शिजवता? बाहेर एवढी जागा आहे.

साडू नाराज झाले. मला मात्र तिथेच पटलं. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईला उभ्या असलेल्या प्रवासी डब्यात कुणीतरी चोरून नेलेल्या सिलिंडरवर पहाटे चहा करायला घेतला आणि त्या आगीत नऊ यात्रेकरू गेले. डबा काय, मॅटाडोर काय, दार एकच असतं.

कायद्याचंही तेच म्हणणं पडलं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या कशा असाव्यात त्यासाठी एआयएस-१२४ हे प्रमाण आहे. साडूंनी दोन्हींच्या प्रती छापून घेतल्या. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्यातून आली त्या रूपात परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही, त्यात ही रुग्णवाहिका, त्यात वय. ओळखीच्या एजंटानं गाडीचे फोटो बघितले. हीटर, फ्रीज, तळाची भोकं, कोंबडी. मग म्हणाला, "काका, ही गाडी चालवणार आहात का?" साडू म्हणाले, इंजिनच नाही. "मग ही गाडी नाही, खोली आहे. सुखानं राहा." साडूंच्या सगळ्या कागदपत्रांचा निकाल असा एका वाक्यात लागला.

राहता राहिला हीटर. डिसेंबरात एका रात्री पारा सोळावर आला आणि साडूंनी त्याच्या उद्घाटनाचं आमंत्रण दिलं. आम्ही सगळे स्वेटर घालून मॅटाडोरमध्ये बसलो. जाळीवर लाल झळाळी आली. पुस्तकात ठळक अक्षरांत होतं की हीटर पेटवल्यावर खिडकी थोडी उघडी ठेवा, कारण बंद जागेत ज्योत हवेतला प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस झोपेतच जातो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरनं आपल्याकडे असे बळी गेलेले आहेत, तेव्हा ही सूचना आम्ही तंतोतंत पाळली. खिडकी उघडली. ओहायोत खिडकीतून थंडी आत येते. घोलवडला डास आले. खिडकी लावावी तर विषारी वायू, उघडावी तर डास, आणि दोन्ही स्थितींत घाम. मेव्हणीनं प्रथम स्वेटर काढला, मग ती उठून बाहेर गेली, मग मुलं, मग मी. साडू एकटे आत होते. थोड्या वेळानं खिडकीतून त्यांनी पंखा मागितला.

दुसऱ्या दिवशी अंघोळीचा प्रश्न निघाला. पाण्याचा हीटर बसवायचा राहिला होता. तो अमेरिकेहून यायचा होता, सहा गॅलनचा. पुस्तकातलं चित्र मेव्हणीनं पाहिलं. टाकी, मधोमध धुराची नळी, खाली आग. तिनं माळ्यावरून आईचा तांब्याचा बंब उतरवला. टाकी, मधोमध नळी, खाली आग. मापही साधारण तेच, वीस-बावीस लिटर. चार करवंट्यांवर पाणी कढत झालं. ओहायोला फोटो पाठवला तर मुलानं विचारलं की हा व्हिंटेज पीस कुठे मिळाला आणि किती किमतीला.

आता व्यवस्था अशी आहे. मॅटाडोरमध्ये झोपतात. स्वयंपाक बाहेर, सुरूच्या आडोशाला, तेलाच्या डब्याच्या पत्र्याआड. छोटू त्याच्या बाजूला उभा, साखळीनं बांधलेला. फ्रीज लग्नकार्यात लोकांना दाखवण्यासाठी पेटवतात. हीटर भिंतीतून काढून त्याच्या सपाट डोक्यावर पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवला आहे, उंची अगदी योग्य आहे आणि पाणी गार राहतं.

कुणाला असलं काही करायचं असेल तर जरूर करा, मॅटाडोरी अजून मिळतात. फक्त आधी घरातला सिलिंडर बघून घ्या. त्याच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर आतून एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडे वर्षाचे. ती पुढच्या चाचणीची तारीख. उलटून गेली असेल तर सिलिंडर घेऊ नका. केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला, चांगली दिसत असली तरी. आणि कधी गॅसचा वास आला, तर तो गॅसचाच आहे की बोंबलांचा हे ठरवण्यासाठी काडी ओढू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. तो नंबर चोवीस तास चालू असतो.